एनफिल्डची रेप्लिका घेतलीय? आधी बार ठरवा, मगच साइटला कानस लावा

१८५३ पॅटर्न एनफिल्डची, म्हणजे इंग्रज फौजेच्या ठासणीच्या रायफलीची, रेप्लिका घेतलेला जो कोणी भेटतो त्याची तक्रार ठरलेली असते, पन्नास यार्डावर गोळी आठ इंच वर जातेय, साइट चुकीची बसवलीय. मग तो उंच फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेमाचं पातं, मागवतो, बसवतो, कानस मारून मारून नेम बरोबर बुलवर, म्हणजे टार्गेटच्या मधोमध, आणतो, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी सांगतं की पाच ग्रेन (साधारण ०.३ ग्रॅम) दारू कमी कर, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, अर्धा होईल. तो कमी करतो, ग्रुप खरंच अर्धा होतो, पण आता गोळी दुसरीकडेच लागायला लागते आणि कानसलेला लोखंड काही परत चिकटत नाही. मी स्वतः हे केलंय, पहिली फ्रंट साइट अशीच वाया घालवली, म्हणून कळकळीने सांगतोय की क्रम उलटा ठेवू नका. गोळी, दारू, मग साइट.

मी व्हर्जिनियात राहतो, इथे विंचेस्टरजवळ फोर्ट शेनँडोआला नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनच्या, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या बंदुकांच्या, मॅचेस होतात, १९५० पासूनची संघटना आहे. त्यामुळे मी जे सांगतोय ते ५० आणि १०० यार्डांच्या हिशोबाने. भारतातल्यांनी लक्षात ठेवा, ठासणीची बंदूक असली तरी तिकडे लायसन लागतं, आणि दारूचे नियम वेगळे असतात, ते आधी बघा.

आता गोळी वर का जाते ते समजून घ्या, कारण साइटचं सगळं गणित त्यातच आहे. या रायफलीच्या रिअर साइटची, म्हणजे डोळ्याजवळच्या साइटची, सगळ्यात खालची सेटिंगच १०० यार्डांची आहे, कारण ती फौजेसाठी होती, कागदावर भोकं पाडायला नव्हे. पुढे पायऱ्यापायऱ्यांनी ४०० यार्ड आणि मग शिडी उभी केली की ९०० पर्यंत. फौजेचा बार होता अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन, साधारण ४.४ ग्रॅम दारू, आणि गोळी ५३० ग्रेनची. अमेरिकन स्प्रिंगफिल्ड १८६१ चंही तेच, ६० ग्रेन दारू, ५०० ग्रेनची मिनिए गोळी, आणि रिअर साइटची घडीची पानं १००, ३०० आणि ५०० यार्डांची. म्हणजे ५० यार्डाला गोळी चढतीवरच असते, त्यात रेप्लिकांच्या फ्रंट साइट बऱ्याचदा बुटक्या येतात, झालं.

पण म्हटलं तसं, आधी गोळी. मिनिए गोळीचं काम असं चालतं की ती नळीपेक्षा बारीक असते म्हणून ठासायच्या गजाने सहज खाली जाते, आणि बार उडाला की मागचा पोकळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, फुगून नळीतल्या पिळाच्या खाचांत बसतो. हे व्हायला दोन गोष्टी हव्यात, शिसं मऊ हवं आणि माप बरोबर हवं. शिसं म्हणजे शुद्ध शिसं, गाडीच्या चाकांची वजनं वितळवून केलेलं नको, त्यात अँटिमनी असतं, स्कर्ट फुगतच नाही. नखाने ओरखडा मारून बघा, चमकदार रेघ सहज उठली पाहिजे. आणि मापासाठी स्वतःच्या नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजा. डब्यावर .५७७ किंवा .५८ लिहिलंय त्याला काही अर्थ नाही, एकाच कंपनीच्या दोन नळ्यांत दोन-तीन हजारांश इंचाचा फरक मी पाहिलाय. नळीत घालून माप घ्यायचा प्लग गेज मिळाला तर उत्तम, आणि मग गोळी बोअरपेक्षा एक ते दोन हजारांश इंच बारीक येईल अशी सायझर डाय, म्हणजे गोळी दाबून ठरलेल्या मापाची करणारं साधन, घ्या. या एका गोष्टीने जेवढा ग्रुप सुधारतो तेवढा बाकी कशानेच सुधारत नाही, हे मी पैज लावून सांगेन. तोंडाशी गोळी ठेवून अंगठ्याने दाबली की हलक्या रेट्याने आत गेली पाहिजे, आपोआप घसरून गेली तर ती बारीक आहे, आणि अशी गोळी नळी खाली झुकवली की दारूपासून पुढे सरकते, ते धोक्याचं आहे.

गोळ्या ओतायचा साचा मी लायमन कंपनीचा जुना ५७५२१३ नंबरचा वापरतो, ४६० ग्रेनच्या आसपास पडते गोळी. ओतलेल्या गोळ्या सगळ्या उलट्या करून स्कर्ट बघायचा, एका बाजूला पातळ किंवा बारीकसं भोक असलेली गोळी परत भांड्यात. मग वजन करून एकेक ग्रेनच्या गटात लावायच्या. शिसं उघड्या हवेत वितळवा, जवळपास पाण्याचा थेंब नको, वितळलेल्या शिशात थेंब पडला तर ते अंगावर उसळतं, आणि जेवायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुवा.

वंगण पण हलक्यात घेऊ नका. मधमाशांचं मेण आणि मेंढीची चरबी निम्मी निम्मी, थंडीत चरबी जरा जास्त, उन्हाळ्यात मेण जास्त. ज्यांना चरबी नको ते ऑलिव्ह ऑइल घालतात, तेही चालतं. फक्त पेट्रोलियमचं ग्रीस नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं आणि पाचव्या बाराला गज अडकतो. चरबी म्हटलं की आपल्याला १८५७ आठवणारच, ती काडतुसं याच रायफलीची. पण त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मे १८५८ ला काल्पीला, समोर राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे होते तेव्हा, इंग्रज सेनापती ह्यू रोजने आपल्या रिपोर्टात लिहिलंय की उन्हाने आणि इतर कारणांनी काडतुसं अशी बिघडली की एनफिल्ड भरणं अवघड झालं आणि नेमाचा भरवसा राहिला नाही. मोठ्या फौजेविरुद्ध ज्या रायफलीवर त्याची मदार होती तीच ऐन वेळी अडली. त्यानंतर इंग्रजांनी गोळीचा व्यास .५६८ इंचावरून .५५० वर आणला आणि वंगणात मेणावर भर दिला. बुंदेलखंडातल्या उन्हाने शिकवलेला धडा आहे तो, आणि जुलैत व्हर्जिनियात गोळ्यांचा डबा गाडीत विसरलात की तुम्हालाही कळेल.

दारू फक्त काळी दारू किंवा तिच्या बदली म्हणून विकतात ती. स्मोकलेस पावडर, म्हणजे आधुनिक बंदुकांची बिनधुराची दारू, चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते, हात जातो, यात चर्चा नाही. मी थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची, वापरतो, टू-एफ पण चांगली चालते, ती जाड दाण्याची असल्यामुळे तेवढ्याच मापात दाब कमी बनतो. सुरुवात ४० ग्रेन थ्री-एफपासून करा. पाच बार, बाकावरून, ५० यार्ड. मग ४३, ४६, असं तीन-तीनने ६० पर्यंत, आणि रायफलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जी कमाल मर्यादा दिली असेल तिच्या वर कधीच नाही. प्रत्येक मापाला वेगळा कागद, त्यावर तारीख, हवा, दारूचा ब्रँड सगळं पेनाने लिहायचं. बहुतेक रायफलींना एक गोड जागा सापडते, ग्रुप लहान होत होत येतो आणि मग परत पसरतो. माझी ४५ वर बसली. फौजेचे ६८ ग्रेन भरून मर्दुमकी दाखवायची गरज नाही, जास्त बार भरला की स्कर्ट तोंडाबाहेर पडताना फाकतो नाहीतर फाटतो आणि गोळी कागदात आडवी घुसते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं तर समजा की एकतर दारू जास्त आहे किंवा गोळी बारीक आहे. शक्य असेल तर मातीच्या बांधातून उडवलेल्या गोळ्या उकरून काढा, त्यांच्या अंगावर खाचांचे ठसे स्पष्ट आणि सगळीकडून सारखे आहेत का बघा, माझ्या टेबलावर अशा नऊ गोळ्या ओळीने ठेवल्यात आणि ४० ते ६० चा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

भरताना डब्यातून किंवा फ्लास्कमधून थेट नळीत कधीही ओतायचं नाही, आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा फ्लास्क हातात फुटेल. घरी मापून प्लास्टिकच्या ट्यूबांत भरून न्या, तीस-चाळीस ट्यूब, रेंजवर माप काढत बसू नका. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये मोकळी जागा राहिली तर नळीला फुगवटा येतो. म्हणून गजावर खूण करा, भरलेल्या नळीची आणि रिकाम्या नळीची, म्हणजे दोनदा बार भरला गेला तर लगेच कळतं. गज आपटायचा नाही, एकाच जोराने दाबायचा, नाहीतर गोळीचं नाक चेपतं. कॅप (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी) वाजली आणि बार उडाला नाही तर एक मिनिट तोंड टार्गेटकडेच ठेवून शांत उभे राहा.

एकदा का दहा बार नळी न पुसता सहज भरले गेले आणि ग्रुप दर वेळी तसाच आला, मग साइट.

रिअर साइटची खाच मुळात बारीक व्ही असते आणि पुढे टोकदार, उलट्या व्हीसारखी फ्रंट साइट. विशीत असताना ठीक आहे, चाळीशी आली की टोक दिसतच नाही, धूसर होतं आणि प्रत्येक बाराला वेगळ्या उंचीवर भासतं. मला तरी चौकोनी पात्याची फ्रंट साइट आणि थोडी रुंद चौकोनी खाच याने फार फरक पडला. खाचेत पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी दिसली पाहिजे, दोन्ही सारख्या. मात्र मॅचचं नियमपुस्तक आधी वाचा, मूळ नमुन्यापासून किती लांब जायला परवानगी आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

उंचीचं गणित सोपं आहे. दोन साइट्समधलं अंतर गुणिले गोळी जेवढी वर जाते ते, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं इंचात. समजा साइट्समध्ये ३३ इंच, गोळी ८ इंच वर, टार्गेट ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. ३३ गुणिले ८ म्हणजे २६४, भागिले १८०० म्हणजे ०.१४७ इंच, पावणेचार मिलिमीटर धरा. एवढी उंच फ्रंट साइट हवी. तुमचं अंतर तुम्ही मोजा, दोन बँडच्या (नळी लाकडाला धरणाऱ्या दोन पट्ट्यांच्या) आखूड रायफलीत ते कमी भरतं. लगेच सोल्डर करू नका. जुन्या प्लास्टिक कार्डाची पट्टी कापून फ्रंट साइटला बाजूने चिकटवा, दहा बार टाका, उंची पटली की मग पक्की साइट, आणि तीही हिशोबापेक्षा मिलिमीटरभर उंचच घ्या. कारण कानसून उंची कमी केली की गोळी वर चढते, म्हणजे खालून सुरू करून हळूहळू वर यायचं.

डाव्या-उजव्यासाठी एवढंच, फ्रंट साइट गोळीच्या मागे जाते. गोळी उजवीकडे लागतेय तर पातं उजवीकडे सरकायला हवं, आणि सरकवता येत नसेल तर पात्याची डावी बाजू कानसा, म्हणजे मध्य उजवीकडे जातो. कानस बारीक, चार घासे मारायचे आणि पाच बार, परत चार घासे. फ्रंट साइटच्या ठोकळ्यालाच संगीन अडकते, ती अडकवायची असेल तर ठोकळ्याला हात लावू नका, फक्त पात्याला.

आणि मॅचच्या सकाळी पातं काळं करा. कडक उन्हात पितळी किंवा घासलेलं लोखंडी पातं एका बाजूने चमकतं आणि तुमचा नेम नकळत त्या चमकेपासून सरकतो. इथले लोक कार्बाइडचा दिवा वापरतात, मी घरून छोटी पणती नेतो, तिळाच्या तेलाची. पण भरायच्या टेबलाजवळ नाही, रायफल रिकामी असताना, कॅप काढलेली असताना, दारूच्या ट्यूबांपासून लांब, गाडीपाशी. पात्याखाली ज्योत धरली की दहा सेकंदांत मऊ, मखमली काजळी चढते, ती बोटाने पुसली जाऊ नये म्हणून रायफल स्टँडला लावेपर्यंत नळीच्या टोकाला हात लावायचा नाही.