सहावी ते आठवीचे वेळापत्रक कोकणातील शाळेत कसे आखावे

उच्च प्राथमिक वर्गांचे वेळापत्रक बहुतेक शाळांत आठवड्याच्या चौकटीपासून सुरू होते. वर सहा वार लिहायचे, डावीकडे आठ तासिका मांडायच्या आणि रकाने भरत जायचे. कोकणात या क्रमाने केलेले वेळापत्रक जुलै संपेपर्यंतही टिकत नाही, कारण लावणीचा आठवडा, अतिवृष्टीमुळे जाहीर झालेली सुट्टी, गणपती, शिमगा आणि मार्चमधील सकाळची शाळा यांनी वर्षाचे तुकडे अगदी असमान पडतात. म्हणून आधी वर्षाचा हिशेब, नंतर आठवड्याची चौकट आणि सर्वांत शेवटी विषयांची नावे असा क्रम धरावा. पुढील मांडणी मुख्याध्यापक व शिक्षकांसाठी आहेच, पण शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांनाही ती वाचून वेळापत्रकाबद्दल नेमके प्रश्न विचारता येतील.

पहिली पायरी : वर्षाचे तास मोजणे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापनाचे तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १००० तास सांगितले आहेत. पाचवीचा वर्ग वरच्या वर्गांना जोडलेला असला तरी त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. तिथे तास कमी आहेत आणि विज्ञान, इतिहास व भूगोल यांच्याऐवजी परिसर अभ्यास हा विषय आहे.

आता १००० तास प्रत्यक्षात किती होतात ते पाहावे. सोमवार ते शुक्रवार रोज ३५ मिनिटांच्या आठ तासिका आणि शनिवारी पाच, अशी ४५ तासिकांची सर्वपरिचित चौकट घेतली, तर आठवड्याला २६ तास १५ मिनिटे होतात. सहा दिवसांच्या आठवड्याने २२० दिवस म्हणजे साधारण ३६ आठवडे आणि चार दिवस. गुणाकार केला की उत्तर ९६२ तासांच्या आसपास येते, म्हणजे एकही दिवस बुडाला नाही तरी हिशेब अपुराच राहतो. तासिकांची संख्या तीच ठेवून रोजच्या पहिल्या दोन आणि शनिवारच्या पाचही तासिका ४० मिनिटांच्या केल्या, तर आठवडा साडेसत्तावीस तासांचा होतो आणि वर्षाची बेरीज १००८ वर जाते. परिपाठ आणि भोजनाची सुट्टी या हिशेबात धरू नये; ती धरून कागद पूर्ण होतो, अभ्यासक्रम होत नाही.

हा दिवस घड्याळात असा बसतो. साडेदहाला परिपाठ, १०.५० ते १२.१० पहिल्या दोन तासिका, दहा मिनिटांची लहान सुट्टी, दीडपर्यंत तिसरी व चौथी तासिका, सव्वादोनपर्यंत भोजन, ३.२५ पर्यंत पाचवी व सहावी, पुन्हा दहा मिनिटे आणि पावणेपाचला शाळा सुटते. शनिवारी साडेसातला शाळा भरली, पंधरा मिनिटांचा परिपाठ आणि मध्ये वीस मिनिटांची सुट्टी दिली, तर ११.२५ ला पाच तासिका पूर्ण होतात. घंटेच्या वेळा ठरवण्यापूर्वी एसटीच्या फेऱ्या पाहून घ्याव्यात. पाच वाजताची गाडी पकडण्यासाठी मुलांना डोंगर उतरून फाट्यावर जायचे असेल, तर दप्तरे साडेचारलाच भरली जातात. अशा शाळेने कागदावर तीच वेळ ठेवण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटे लवकर भरणे बरे.

दुसरी पायरी : वर्षाचे तीन भाग पाडणे

भिंतीवरचे कॅलेंडर खाली घेऊन त्यावर शासनाच्या सुट्ट्या, जिल्ह्याने ठरवलेल्या गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, गावची जत्रा, शिमग्याची पालखी, संकलित मूल्यमापन, केंद्र व तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन या सर्व गोष्टी रंगाने खुणावाव्यात. गावातील खुणा शिक्षकांपेक्षा ग्रामस्थांना अधिक ठाऊक असतात, त्यामुळे हे काम पालकसभेत करावे. मच्छीमार वस्तीत ही सभा जूनअखेरीस ठेवणे सोयीचे असते, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि वडील मंडळी घरी सापडतात. भातशेतीच्या गावात मात्र लावणी सुरू होण्याआधीच ती उरकावी.

रंगवलेल्या कॅलेंडरवर तीन भाग आपोआप दिसू लागतात: शाळा उघडल्यापासून गणपतीपर्यंतचा पावसाळी भाग, गणपती ते शिमगा हा सर्वांत भरवशाचा भाग आणि त्यानंतरची सकाळची शाळा. तीन भागांसाठी तीन वेळापत्रके करावीत. एकच वेळापत्रक वर्षभर चालवण्याचा आग्रह नीटनेटका दिसतो खरा, पण त्याची किंमत काही ठरावीक विषयच मोजतात.

पावसाळी वेळापत्रकात बदल कशाला लागतो, हे पत्र्याच्या छपराखाली बसल्याशिवाय कळत नाही. सर जोरात आली की दुसऱ्या बाकावरच्या मुलालाही शिक्षकांचा आवाज पोहोचत नाही, खोलीत अंधारते आणि वीज गेलेली असते. त्या तासाला इंग्रजीचे श्रवण, कवितेचे सामूहिक गायन किंवा नव्या गणिती संकल्पनेचे स्पष्टीकरण ठेवून उपयोग नाही. दुपारी पाऊस धरतो असा गावाचा अनुभव असेल, तर दुपारच्या तासिकांना हस्ताक्षर, नकाशावाचन, गणिताचा सराव आणि चित्रकला द्यावी आणि बोलून शिकवण्याचे विषय सकाळी घ्यावेत. मैदान चिखलात असते, म्हणून शारीरिक शिक्षणाच्या चारपैकी दोन तासिका व्हरांड्यात योगासने व बैठ्या खेळांसाठी ठेवाव्यात, उरलेल्या दोन कार्यानुभवाला द्याव्यात आणि गणपतीनंतर कार्यानुभवाकडून तेवढ्याच परत घ्याव्यात. विज्ञानातील बीजांकुरण, वनस्पतींचे वर्गीकरण, गांडूळखत यांसारखे घटक पुस्तकात मागे असले तरी पावसातच घेण्याजोगे आहेत. वार्षिक नियोजनात त्यांचा क्रम बदलावा.

तिसरी पायरी : विषयांना तासिका वाटणे

विषयांचा भारांश, म्हणजे कोणत्या विषयाला आठवड्यात किती तासिका, तो शासनाच्या चालू परिपत्रकातून घ्यावा. खालील वाटणी केवळ नमुना आहे, पण पुढचा हिशेब समजण्यास ती पुरेशी आहे: मराठी ७, गणित ७, इंग्रजी ६, विज्ञान ६, हिंदी ४, इतिहास व नागरिकशास्त्र ३, भूगोल ३, कला ३, कार्यानुभव २ आणि शारीरिक शिक्षण ४, अशा एकूण ४५.

या यादीतील शेवटच्या तीन विषयांवर वर्षभर हात मारला जातो. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की कलेची तासिका बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाला जाते आणि चित्रकलेची वही जानेवारीतही निम्मी कोरी राहते. सरावाचा वेळ लागणार हे जूनमध्येच माहीत असते, तेव्हा तो परिपाठापूर्वीच्या अर्ध्या तासात स्पष्टपणे लिहून टाकावा. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण म्हणजे इतर विषयांसाठी बाजूला काढलेली पुरचुंडी नव्हे.

चौथी पायरी : कोणता विषय कोणत्या घरात

वेळापत्रकातील सर्व घरे सारखी नसतात. सकाळची पहिली तासिका एसटी उशिरा आली की बुडते, शेवटची तासिका पावसाची चिन्हे दिसली की बुडते आणि शनिवार शिक्षकांच्या बैठका, प्रभातफेऱ्या व कार्यक्रमांमुळे अर्धा होतो. या घरांवर कोऱ्या तक्त्यातच पेन्सिलीने फुली मारावी. मग एक साधा नियम पाळावा: आठवड्याला तीनच तासिका असलेल्या विषयाला फुलीचे एकही घर मिळता कामा नये. भूगोलाच्या तीन तासिका शुक्रवारी आठवी, शनिवारी दुसरी आणि सोमवारी पहिली अशा पडल्या, तर कोणी काही न ठरवताही भूगोल वर्षअखेर निम्मा राहतो. मराठी व गणिताला सात तासिका असल्याने एखादी गेली तरी ते विषय सावरतात, म्हणून जोखमीची घरे प्रथम त्यांना द्यावीत. फक्त नवा घटक तिथे सुरू करू नये.

गणित रोज असावे, पण रोज त्याच घरात नको. भोजनानंतरच्या पाचव्या तासिकेला मुले जड झालेली असतात, तेव्हा हाताने करण्याचे काम ठेवावे.

पाचवी पायरी : शिक्षकांची वाटणी

कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक मिळेल अशी रचना हवी. तीन वर्ग आणि तीन शिक्षक असलेल्या शाळेत विषयवार वाटणी केली, की भाषाशिक्षकाकडे मराठी, इंग्रजी व हिंदी मिळून तीन वर्गांच्या ५१ तासिका येतात. आठवड्यात घरेच ४५ आहेत. विज्ञान-गणिताच्या शिक्षकाकडे ३९ आणि सामाजिक शास्त्रांकडे अवघ्या १८. साहजिकच हिंदीच्या १२ तासिका तिसऱ्या शिक्षकाकडे द्याव्या लागतात.

कोकणात पटसंख्या कमी असल्याने कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण या नऊ तासिका तिन्ही वर्गांच्या एकत्र घेता येतात. त्याही तिसऱ्या शिक्षकाला दिल्या की कागदावर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर ३९ येतात आणि वेळापत्रक झाले असे वाटते. प्रत्यक्षात ते चौकटीत बसत नाही. तिन्ही वर्ग एकत्र असतील त्या नऊ घरांत एकच शिक्षक शिकवतो, बाकीचे दोघे रिकामे असतात, म्हणजे स्वतंत्र वर्ग घेण्यासाठी प्रत्येकाकडे ३६ घरेच उरतात. ३९ तासिका ३६ घरांत कशा बसणार? यावर उपाय असा: मराठीतील वाचनाची आणि गणितातील सरावाची प्रत्येक वर्गाची एकेक तासिका तिसऱ्या शिक्षकाने घ्यावी. मग तिघांच्याही स्वतंत्र तासिका ३६ होतात, एकत्र तासिका प्रत्येकी तीन घ्याव्यात आणि ३९ चा आकडा या वेळी खरोखर जमतो. प्रत्येकाला सहा तासिका मोकळ्या मिळतात, आणि त्या दोन-दोन शिक्षकांना एकाच वेळी मिळत असल्याने वह्या तपासणे व पाठाचे टाचण एकत्र करता येते. (कायद्यातील शिक्षकांचे आठवड्याचे ४५ हे आकडे तासिकांचे नसून तयारीसह कामाच्या तासांचे आहेत, वाटणीच्या वेळी ही गल्लत बरेचदा होते.)

दोनच शिक्षक असतील, तर विषयांऐवजी वर्गांची जोडणी करावी. सहावी-सातवी एकत्र बसवून एका वर्गाला लेखी काम व दुसऱ्याला अध्यापन, असे अर्ध्या-अर्ध्या तासिकेचे वेळापत्रक लिहावे आणि दोन्ही वर्गांना एकाच वेळी गणित कधीही देऊ नये.

सहावी पायरी : जोडतासिका आणि किनाऱ्यावरचा शनिवार

विज्ञानाचा प्रयोग ३५ मिनिटांत मांडून, पाहून आणि लिहून होत नाही. आठवड्यात विज्ञानाची एक जोडतासिका भोजनापूर्वी, तिसरी व चौथी जोडून ठेवावी, म्हणजे आवराआवर सुट्टीत जाते पण अध्यापनाचा वेळ जात नाही.

समुद्राजवळच्या शाळांना आणखी एक सोय आहे. खडकाळ किनाऱ्यावर, उदाहरणार्थ देवगड किंवा मालवणच्या बाजूला, ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यांत कालवे, खेकडे, शेवाळ असा सजीवसृष्टीचा पाठ उघडा पडतो; मात्र तो शाळेच्या घंटेप्रमाणे उघडत नाही. कोळीवाड्यात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची रीत आहे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या आणि ओहोटी बाराच्या सुमारास. ही दुपारची ओहोटी शाळेच्या वेळेत येते, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी जोराच्या भरती-ओहोटीची असल्याने पाणी फारसे मागे जात नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप हटते, पण अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला असते. दोन-तीन दिवसांनी, द्वितीया-तृतीयेला, ती सात ते आठच्या दरम्यान सरकलेली असते आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील ज्या शनिवारी द्वितीया किंवा तृतीया येते ते शनिवार पंचांगात पाहून आधीच राखून ठेवावेत, छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडावी, त्या दिवशी परिपाठ किनाऱ्यावरच घ्यावा आणि पाणी वळताच मुलांना वर आणावे. विज्ञानाच्या दोन व भूगोलाची एक तासिका त्या दिवसाच्या नावे मांडावी.

सातवी पायरी : बुडालेल्या तासिकांची वही

वर्गवार एक वही ठेवून रोज शाळा सुटताना बुडालेल्या तासिकेचा विषय व कारण एका ओळीत लिहावे. महिनाअखेर बेरीज केली की कोणता विषय मागे पडतो हे समजते, आणि ते अंदाजापेक्षा वेगळे निघण्याची शक्यता बरीच असते. भरपाईसाठी वाचनाची व सरावाची तासिका उपयोगी पडते, कारण त्या घरात उभा असलेला शिक्षकच इतिहास-भूगोल शिकवतो; पंधरवड्यातून एकदा, त्याहून अधिक नाही. पूर्ण दिवस बुडाला असेल तर तो २२० मधून गेला आहे, त्याची भरपाई दिवसानेच करावी लागते. कोणता दिवस घ्यायचा ते व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावे आणि पालकांना वेळेत कळवावे.

गणपतीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी या वहीवरून दुसऱ्या भागाचे वेळापत्रक दुरुस्त करावे, वर्गाच्या दारावर लावावे आणि एक प्रत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही द्यावी. भोजनाची घंटा दहा मिनिटांनी पुढे-मागे झाली तर ती त्यांना आधी माहीत असायला हवी.