घरावर परस्पर कर्ज निघालंय? मग कुणाकडे जायचं

दारावर ताब्याची नोटीस चिकटते आणि तेव्हा कळतं, आपल्याच फ्लॅटवर भलत्याच कुणीतरी कर्ज उचललंय. बहुतेक जण धावत पोलीस ठाण्यात जातात. तक्रार करायचीच, पण नुसत्या एफआयआरने बँकेची ताबा घेण्याची कारवाई थांबत नाही. ती थांबवून घ्यायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जावं लागतं. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

म्हणून आधी नोटीस नीट वाचा. सरफेसी कायद्याचं (कोर्टात न जाता बँकेला तारणाचा ताबा घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) लिहिलं असेल तर ती मागणी नोटीस. पैसे भरायची मुदत ६० दिवस. कर्जदार म्हणून तुमचंच नाव घातलं असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कलम १३(४) खाली ताबा घेतला असेल (कागदोपत्री ताबाही त्यात आला), तर तेव्हापासून ४५ दिवसांत कलम १७ चा अर्ज डीआरटीत गेला पाहिजे. कर्जदार नसलेला मालकही तो करू शकतो. हे ४५ दिवस शाखेत हेलपाटे घालण्यातच जातात, आणि तिथेच घोळ होतो.

पुरावा कुठे मिळतो? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे, गट किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर टाकून एकेक वर्ष तपासा. फ्लॅट नंबरवर विसंबू नका, तो वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप झालेला असतो. अनोळखी दस्त दिसला की सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा) काढा आणि दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित नक्कल घ्या. संगणकीकृत नोंदणीच्या दस्तात शेवटच्या पानांवर पक्षकारांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात; तोतया उभा केला असेल तर तो बहुधा इथेच सापडतो. मूळ कागद ठेवून घेतलेलं कर्ज असेल तर ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे अशा गहाणाची निबंधकाकडे दिलेली सूचना, शोधा. बोजा कुणाचा, हे सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कळतं.

पोलिसांकडे या नकला जोडून अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेची कलमं: फसवणुकीला ३१८, बनावट दस्ताला ३३६ आणि ३३८, तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४०. ठाण्यात दाद लागली नाही तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला; तरीही नाहीच, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखा. ओटीपी किंवा ऑनलाइन मार्गाने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा.

बँकेने कागद न तपासता कर्ज दिलं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क अर्ज करता येतो. मात्र कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तिची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर करायची. हा फरक न कळल्याने कित्येकांची तक्रार परत येते. आणखी एक मेख: तोच वाद डीआरटीत चालू असेल तर लोकपाल तो हातात घेत नाही. पोलीस तपास चालू असला तरी मात्र अडचण नाही. पण ताब्याची नोटीस आलीच असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी डीआरटी.

बिल्डरने तुमच्याशी करार करून नंतर तोच फ्लॅट गहाण टाकला असेल तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे जा. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार असं गहाण तुमच्या हक्काला बाधक ठरत नाही.

सावकाराचा प्रकार निराळा. उसने पैसे देताना तारण म्हणून तो सरळ खरेदीखतच करून घेतो. इथे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाचं कलम १८ कामी येतं. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा; व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली, तर ते मिळकत परत देण्याचा आदेश काढू शकतात. व्याज दिल्याच्या नोंदी, चिठ्ठ्या, बँकेचे उतारे सगळं जोडा.

सिबिलवर ते कर्ज दिसत असेल तर हरकत नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.