पानांचा चहा करायचाय? आधी बशी काढून ठेवा

आलं ठेचून, दूध घालून उकळायचा चहा सगळ्यांना येतो, त्यावर मी काय सांगणार? हे अख्ख्या पानांच्या, इन्फ्युजरमध्ये, म्हणजे कपात सोडायच्या जाळीत, करायच्या कोऱ्या चहाबद्दल आहे, आणि त्यातही दार्जिलिंगबद्दल, कारण पाहुण्यांसाठी म्हणून महागाचा चहा आणायचा झाला की बहुतेक लोक तोच आणतात. मीही तोच आणला होता आणि सगळ्यांना काढा पाजला. चूक पानांची नव्हती, पाण्याचीही नव्हती. टेबलावर बशी नव्हती.

खरेदीपासून सुरू करा. नुसतं ‘दार्जिलिंग’ लिहिलेलं पाकीट उचलू नका. बागेचं नाव, कोणता फ्लश (म्हणजे कोणत्या हंगामातली तोडणी) आणि कोणत्या वर्षाचा, या तीन गोष्टी पाकिटावर हव्यात. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं पहिलंच. हे नाव लावायची मुभा तिथल्या ठरावीक ८७ बागांनाच आहे. तरी शेजारच्या नेपाळचा चहा याच नावाने खपवतात, ही बागवाल्यांची जुनी ओरड. नेपाळचा चहा वाईट नसतो, पण मग पैसेही नेपाळचे द्या. टी बोर्डाचं चिन्ह बघा, त्यात हातात चहाची पानं धरलेली बाई आहे. एसएफटीजीएफओपी वगैरे अक्षरांची आगगाडी दिसली तर दबून जाऊ नका. ती पान किती अख्खं आणि कोवळे शेंडे किती, एवढंच सांगते. चव कशी लागेल याची हमी त्यात नाही.

फर्स्ट फ्लश म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधली तोडणी. हा चहा रंगाला इतका फिका असतो की घरची मोठी माणसं ‘अगं, पत्ती टाकलीस का?’ असं विचारणारच. त्यांना आधीच सांगून ठेवा. पान जोरात सुकवल्यामुळे ते पूर्ण काळं पडत नाही, सुकं पानही हिरवट दिसतं. भेसळ नव्हे ती. सेकंड फ्लश मे-जूनचा, तांबूस आणि अंगाने भरलेला. त्यातल्या चांगल्या चहाला पिकलेल्या द्राक्षांसारखा जो वास येतो त्याला मस्कॅटेल म्हणतात, आणि त्यात मोठा वाटा तुडतुड्यांचा आहे. हो, आपल्या कपाशीवर पडतात त्यांचेच भाऊबंद. त्यांनी रस शोषला की झाड बचावासाठी जी द्रव्यं तयार करतं, त्यांचा तो वास. पहिल्यांदा घेणार असाल तर सेकंड फ्लशच घ्या, मराठी जिभेला तो लवकर पटतो. पन्नास ग्रॅम पुरे. ‘स्वस्त पडतंय’ म्हणून अर्धा किलो घेतलात तर वर्षभराने गवत पीत बसाल.

घट्ट झाकणाचा डबा, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. फ्रिज नको. गोडा मसाला ज्या फडताळात आहे तिथे तर मुळीच नको. पान वास पटकन धरतं आणि मग दगडफुलाच्या वासाचा दार्जिलिंग कोण पिणार?

आता इन्फ्युजर. साखळीला लटकणारा जाळीचा गोळा दिसायला गोड असतो, पण घेऊ नका. सुकं पान पाण्यात कितीतरी पट फुगतं. गोळ्यात ते कोंबलं जातं, मधली पानं धड भिजतच नाहीत. कपाच्या तळाजवळ पोचणारी, रुंद तोंडाची, बारीक जाळीची स्टीलची टोपली घ्या. झाकण असलेली मिळाली तर उत्तमच, कारण तेच झाकण उलटं ठेवलं की बशीचं काम होतं. झाकण नसेल तर बशी. काढलीत का?

माझा इन्फ्युजर बिनझाकणाचा होता. चहा झाला, टोपली उचलली, थेंब गळायला लागले. खाली स्वच्छ टेबलक्लॉथ, समोर पाहुणे. कुठे ठेवू, कुठे ठेवू करत ती परत कपात सोडली आणि म्हटलं, आत्ता बशी आणते. तेवढ्यात कोणीतरी मुलांच्या शाळेचा विषय काढला. झालं. पानं पाण्यात आहेत तोवर तुरटपणा उतरतच राहतो, कप टेबलावर आलाय हे त्यांना कळत नाही. म्हणून माणशी एक टोपली असेल तर माणशी एक बशी, पाणी तापत ठेवायच्या आधी, हाताशी. स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात नाही, टेबलावर.

पाणी. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर चहावर तवंग धरतो आणि रंग गढूळ होतो, फिल्टरचं घ्या. उकळी आली की गॅस बंद करा, झाकण काढा, दोनेक मिनिटं थांबा. फर्स्ट फ्लशला ८५ ते ९० अंश पुरतात, सेकंडला थोडं जास्त चालतं. थर्मामीटर कशाला? वाफ जरा शांत झाली की ओता. आसामची अख्खी पत्ती असेल तर मात्र सरळ उकळतं पाणी. ग्रीन टी आणलात तर ८० च्या खाली, नाहीतर कारल्याचा रस होईल.

माप २०० मिलीलीटरच्या कपाला दोन ते अडीच ग्रॅम. ही पानं फुलारलेली असतात, रोजच्या बारीक पत्तीसारखी चमच्यात बसत नाहीत, तेव्हा सपाट चमचा कमी पडतो. शिगोशीग घ्या. आणि पातळ वाटला म्हणून वेळ वाढवू नका, पुढच्या वेळी पान वाढवा. वेळ वाढवली की कडूपणा वाढतो, हे लोकांना का पटत नाही कोण जाणे.

वेळ तीन मिनिटं. मोबाईलवर गजर लावा, अंदाज नको, गप्पांमध्ये तीनाची दहा कधी होतात समजत नाही. गजर वाजला की टोपली वर, दोन क्षण निथळू द्या, पिळू नका, चमच्याने दाबू नका, आणि सरळ बशीत. गजर असून बशी नसेल तर गजराचा उपयोग शून्य. मी गजर लावला होता.

दूध नाही. ज्यांना दूधच हवं त्यांच्यासाठी रोजच्या पत्तीचा वेगळा चहा टाका, त्यांना हा पाजून ना त्यांचं भलं ना चहाचं. साखर बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल. बिस्किटं तुम्हाला कळतातच.

तीच पानं आणखी एकदा चालतात, मिनिटभर जास्त ठेवा. तिसऱ्यांदा नको. मग चोथा तुळशीत नाही तर गुलाबात, टोपली लगेच नुसत्या पाण्याने धुवा, वाळली की जाळीतून पानं निघत नाहीत. बशाही धुवून परत टेबलावरच ठेवा, दुसरा कप व्हायचाय अजून.