जानेवारीच्या थंडीत अडलेलं किण्वन

दिंडोरीजवळ आमची घरची सेंद्रिय बाग आणि छोटी वायनरी आहे. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांचा रस टाकीत छान फसफसत होता, म्हणजे यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करत होतं (हेच किण्वन). थंडीची लाट आली, शेडमधला पारा १० अंशांखाली गेला आणि ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) ६ वरच अडकला. यीस्ट गारठून तळाशी बसलं होतं. साखर उरलेली वाइन तशी ठेवली तर जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि जिवाणू रोखणारं सल्फाइट जास्त वापरायचं नाही हे आमच्या घरात पक्कं आहे.

आधी शेड बंद करून हीटर लावले, टाकी हळूहळू १८ अंशांवर आणली. नवं यीस्ट थेट ओतू नका! तयार झालेल्या अल्कोहोलचा धक्का त्याला सोसत नाही. अल्कोहोल सोसणारं वाण घेऊन ते बादलीत सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात भिजवलं. मग त्यात अडकलेली वाइन थोडी थोडी मिसळत गेलो; फेस आला की पुन्हा तेवढीच. मिसळताना दोन्हींच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक नको. हे काम फार चिकाटीचं. वहिनी रात्रीही उठून बादली बघत होत्या.

शेवटी बादलीतलं मिश्रण टाकीत सोडलं. हायड्रोमीटर (ब्रिक्स मोजायचं साधन) शून्याखाली उतरल्यावरच हीटर बंद केले.