किक आणि बेस एकमेकांना गिळत असतील तर

गाण्याचं मिक्सिंग करताना किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) एकटी ऐकली की दणदणीत, बेस (खालच्या सुरांचं वाद्य) जोडला की सगळं गढूळ. दोघांचाही जोर साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून असं होतं. आवाज वाढवून हे सुटत नाही, मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर) लाल दिवा तेवढा लागतो.

आधी बेसच्या नोट्स किकच्या ठोक्यावरून थोड्या पुढे, म्हणजे किंचित उशिरा, सरकवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं, तर बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) टाकून त्याच्या साइडचेन इनपुटला किक द्या, म्हणजे किक वाजली की बेस दबेल. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आसपास, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंद. थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाबणं सुरू होतं ती) हळूहळू खाली आणा आणि किक पडताना मीटरवर ४ ते ६ डेसिबल घट दिसली की थांबा.

खरी मेख रिलीजमध्ये आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. रिलीज त्याच्या जवळ नेला, तर बेस सावरायच्या आत पुढची किक येते आणि तो कायम दबलेलाच राहतो. फारच कमी केला, समजा १० मिलिसेकंद, तर कॉम्प्रेसर किकच्या एकेका लहरीमागे धावतो (५० हर्ट्झची एक लहर २० मिलिसेकंदांची असते) आणि बेसचा आवाज खरखरतो.

तपासणी हेडफोनवरच करा. लॅपटॉपच्या स्पीकरमधून हा पट्टा जवळजवळ ऐकूच येत नाही.