टुंड्रावरच्या घरट्यांकडे निघण्याआधी

अलास्काच्या उत्तर टोकाला, उत्कियागविकला, पाणथळीतल्या पक्ष्यांची घरटी शोधून अभ्यासायला जूनच्या सुरुवातीला पोचायचं असेल तर आधी कागदपत्रं. अंडी हाताळण्याचा परवाना आणि जिथे फिरणार त्या जमिनीच्या मालकांची, म्हणजे तिथल्या इनुपियाट लोकांची संमती हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. मधल्या हिवाळ्यात शिवडीच्या नाहीतर ठाण्याच्या खाडीवर टिलवे (चिखलात चरणारे छोटे पक्षी) बघून नजर तयार करा. ते सायबेरियाच्या टुंड्रावर घरटी करतात. अलास्कातले त्यांचे भाऊबंद दिसायला फारसे वेगळे नाहीत.

गरम कपडे सगळेच घेतात, फजिती होते ती बुटांची. वरची वीतभर माती वितळते, खालची कायम गोठलेली, त्यामुळे पाणी मुरतच नाही. मांडीपर्यंतचे रबरी बूट आणि भरपूर मोजे हवेतच. १० मेच्या सुमारास उगवलेला सूर्य ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मावळत नाही, म्हणून झोपताना बांधायला काळी पट्टी. पांढऱ्या अस्वलांसाठी बंदूक चालवणारा सोबती आणि रेडिओ नसेल तर गावाबाहेर पाऊल टाकू नका.

दुर्बीण, जीपीएस, जलरोधक वही, पेन्सिली (थंडीत पेन दगा देतं) आणि एक लांब दोर. दोघांनी दोन टोकं धरून तो गवतावरून ओढत न्यायचा, म्हणजे चिकटून बसलेला पक्षी उठतो आणि घरटं सापडतं. टोकं आत वळवून ठेवलेली चार अंडी! एका छोट्या पारदर्शक डब्यात कोमट पाणी घेऊन त्यात अंडं अलगद सोडा. ताजं तळाशी आडवं पडतं, दिवस जातील तसं बोथट टोक वर उचलतं, शेवटी तरंगतं. त्यावरून पिल्लं कधी निघतील याचा अंदाज बांधता येतो.

हे सारं दोन-तीन मिनिटांत उरका, कारण अंडी गार पडतात. सराव घरीच कोंबडीच्या अंड्यांवर करून जा. आसपास कोल्हा किंवा स्कुआ (अंडी पळवणारा समुद्रपक्षी) दिसला तर घरट्याकडे वळूच नका. खुणेची काडी घरट्यालगत नको, काही पावलं दूर रोवा, आणि आल्या वाटेने न परतता सरळ पुढे निघून जा, म्हणजे पायवाट घरट्यापाशी संपत नाही.

वहीत एक रकाना आधीच आखून ठेवा: पक्षी परत बसल्याची वेळ. लाल फॅलरोप असेल तर बसणारा फिकट पक्षी बाप असतो. तो बसेपर्यंत लांबून बघत थांबा.