दशकांची तुलना कशी करावी: सीमाभागातील तंत्रज्ञान आणि करमणुकीची नोंद

गणेशोत्सव मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक असो, शाळेची स्मरणिका असो किंवा नातवंडांसाठी लिहून ठेवायचा घराचा वृत्तान्त असो, ‘पूर्वी आणि आता’ या विषयावरचा लेख त्यात हमखास असतो. साठच्या दशकात रेडिओ, सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर, ऐंशीच्या दशकात दूरदर्शन, नव्वदीत केबल आणि त्यानंतर मोबाईल, असा क्रम त्यात ठरलेला असतो. हा क्रम मोठ्या शहरांवरून घेतलेला आहे. निपाणी, खानापूर, चिक्कोडी किंवा बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील घरांचा क्रम पुष्कळदा त्याहून निराळा निघतो, आणि तो निराळेपणा हाती लागावा म्हणून तुलनेची पद्धत आधी पक्की करून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे तुलना वस्तूंची न करता कामाची करावी. रेडिओ आणि मोबाईल यांची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही, पण ‘हवे ते गाणे ऐकणे’ हे एकच काम घेऊन दर दशकात ते कसे होत होते हे पाहिले, की बदल स्पष्ट दिसू लागतो. पन्नासच्या दशकात रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री लागणाऱ्या बिनाका गीतमालेची वाट पाहावी लागे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि पत्र पाठवून फर्माईश करण्याची सोय झाली, तरी गाणे केव्हा लागेल आणि लागेल की नाही, हे आकाशवाणीच्या हाती होते. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी आली, तेव्हा रेकॉर्डिंगच्या दुकानात कोरी कॅसेट आणि हाताने लिहिलेली गाण्यांची यादी देऊन यायचे आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, अशी रीत पडली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते. साडेचार मिनिटांचे एक गाणे धरले तर एका बाजूला दहा आणि दोन्ही बाजू मिळून वीस गाणी बसतात, म्हणजे एकविसावे गाणे गाळणे भाग होते. पुढे एमपीथ्रीच्या सातशे एमबीच्या सीडीवर तशीच दीडशेहून अधिक गाणी मावू लागली आणि मोबाईलच्या दुकानात भरून मिळणाऱ्या दोन जीबीच्या मेमरी कार्डावर साडेचारशेच्या आसपास. आता तर संख्येला मर्यादाच उरलेली नाही. मात्र केवळ संख्या लिहून थांबू नये. प्रत्येक टप्प्यावर निवड कोणाची होती, हा प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे: आधी निवेदकाची, मग आपली आणि दुकानदाराकडील साठ्याची, मग पूर्णपणे आपली, आणि आता एक गाणे संपताच पुढचे गाणे सुचवणाऱ्या संगणकीय प्रणालीची.

अशी चार-पाच कामे निवडून प्रत्येकाला वहीचे एक पान द्यावे. परगावी निरोप देणे, सिनेमा पाहणे, फोटो काढणे, बातमी कळणे आणि मिरवणुकीत गाणी वाजवणे ही कामे आपल्या भागासाठी पुरेशी आहेत. मिरवणुकीचे पान विशेष मन लावून भरावे, कारण झांजपथक, कर्ण्यावरच्या तबकड्या, कॅसेट आणि डॉल्बी हे टप्पे गल्लीतल्या प्रत्येकाला आठवतात आणि मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत त्यांचा पुरावाही सापडतो.

दुसरी गोष्ट तारखांची. एका तंत्राच्या किमान चार तारखा असतात: ते देशात आले ती, गावात आले ती, आपल्या घरी आले ती आणि त्याचा वापर थांबला ती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले, या तारखा पुस्तकात मिळतात. पण आपल्या गल्लीत पहिला संच कोणाकडे आला, १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला किती घरची माणसे त्या एका खोलीत बसत आणि आपल्या घरी संच केव्हा आला, या तारखा विचारूनच मिळवाव्या लागतात. चौथी तारीख तर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. मोबाईलवरचा देशातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, आणि सरकारी तारसेवा बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये. म्हणजे अठरा वर्षे ही दोन्ही साधने शेजारी शेजारी नांदली. नवे आले म्हणजे त्याच दिवशी जुने गेले, असे वाचकाला वाटू देऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्या भागापुरती आहे, आणि तिच्यासाठी थोडी जास्त जागा राखून ठेवावी. सीमाभागात प्रत्येक गोष्ट दोन दिशांनी येते. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले आणि सांगलीचे १९६३ मध्ये, त्यामुळे घरात कोणते केंद्र कोणत्या वेळी लागे, हे नेमके विचारावे. एकाच घरात दोन्ही लागत असतील तर तसेच लिहावे. छपरावरच्या अँटेनाचे तोंड कोणत्या दिशेला होते, केबलवाला मराठी वाहिन्या कोणत्या आणि कन्नड कोणत्या देत असे, आणि त्या कमीजास्त झाल्या तर तक्रार कोण करी, हेही प्रश्न टाळू नयेत.

मोबाईलच्या बाबतीत तर हा भाग स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. दूरसंचार खात्याच्या विभागणीत बेळगाव जिल्हा कर्नाटक मंडळात आणि कोल्हापूर जिल्हा महाराष्ट्र मंडळात पडतो. निपाणी सोडून कोगनोळीचा नाका मागे टाकला आणि कागलकडे निघाले, की हातातल्या मोबाईलवर रोमिंग सुरू होई आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. लेक गडहिंग्लजला किंवा चंदगडला दिलेली असेल तर तासाभराच्या अंतरावरचा तो फोन परराज्यातला ठरे. मिस्ड कॉल देऊन खुशाली कळवणे, खिशात दोन सिम बाळगणे आणि पुढे दोन सिमचा संच घेणे या सवयी देशभर होत्या. परंतु आपल्याकडे त्या कशामुळे आल्या हे विचारले, तर उत्तरात सीमारेषा येईलच. २०१५ ते २०१७ या काळात रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे एकेका कंपनीने बंद केले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर हा फरक झपाट्याने पुसला गेला. सीमाभागातील तुलनेत म्हणूनच २०१५ च्या सुमाराची रेघ २०१० च्या रेघेपेक्षा ठळक काढावी लागते. दशक हे मोजायच्या सोयीसाठी असते; बदल जिथे झाला तिथेच रेघ ओढावी.

थोरामोठ्यांना ‘कोणत्या साली?’ असे विचारू नये, कारण साल क्वचितच नीट आठवते. ‘आजी, जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या आधी घरात टीव्ही होता का?’, ‘मामा, १९८३ चा विश्वचषक रेडिओवर ऐकलात की टीव्हीवर पाहिलात?’, ‘काकू, तुमच्या लग्नात व्हिडिओ शूटिंग होते का?’ असे विचारले, की उत्तर फार तर एखाद्या वर्षाने मागेपुढे होते. दोन माणसांच्या उत्तरांत फरक पडला तर दोन्ही उत्तरे लिहून ठेवावीत.

आठवणीला कागदाची जोड हवी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओसाठी परवाना लागत असे आणि टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरावे लागे. ती पुस्तिका जुन्या ट्रंकेत मिळाली तर तिच्यावरच्या शिक्क्यांवरून संच किती वर्षे वापरात होता हे कळते. जुन्या लग्नपत्रिका तर अवश्य पाहाव्यात. निमंत्रकाच्या नावाखाली दूरध्वनी क्रमांक छापण्यास कधी सुरुवात झाली, त्यापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे आहेत का, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा होता का, आणि ०८३१ हा संकेतांक जाऊन मोबाईलचे दहा आकडे कधी आले, हे पत्रिकांचा एक गठ्ठा तारखेप्रमाणे लावला की समोर दिसते. बेळगावच्या ‘तरुण भारत’च्या जुन्या अंकांतील सिनेमांच्या आणि रेडिओ-टीव्हीच्या दुकानांच्या जाहिरातीही तितक्याच उपयोगी पडतात. कॅसेटच्या कव्हरावरचे साल मात्र प्रकाशनाचे असते, खरेदीचे नव्हे.

किंमत लिहिताना नुसते रुपये लिहू नयेत. त्याच वर्षीची शेतमजुराची किंवा विणकराची रोजची मजुरी मिळवून ती वस्तू किती दिवसांच्या कमाईची होती, असे लिहावे.

या कामात जुन्या कॅसेट हाती येतील, त्या लगेच वाजवू नयेत. फीत चिकटलेली किंवा बुरशी लागलेली असते आणि पहिल्याच फेरीत तुटू शकते. आधी बुरशी दिसते का ते पाहावे, पेन्सिल चक्रात घालून फीत हाताने थोडी फिरवून मोकळी आहे ना हे तपासावे, टेपचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे, आणि वाजवताना पहिल्याच वेळी हेडफोनच्या छिद्रातून तार जोडून संगणकावर ध्वनिमुद्रण करावे. कव्हराच्या आतल्या बाजूला हाताने लिहिलेली गाण्यांची यादी असल्यास तिचा फोटो त्याच फाइलच्या नावाने जपून ठेवावा.